आधी भाषा, मग विमान

जर्मनीचे ‘अपॉर्च्युनिटी कार्ड’ १ जून २०२४ रोजी सुरू झाले आणि ‘हमखास व्हिसा, हमखास नोकरी’ अशी हाळी देणाऱ्या एजंटांना नवे भांडवल मिळाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला होता. पुढे ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. आयटीआय झालेल्या मुलांच्या घरी आशा पालवणे स्वाभाविक आहे. ती आशा खोटीही नाही. मात्र ज्या कार्डापायी जमीन गहाण पडू शकते, ते हातात नेमके काय देते हे आधी समजून घेतले पाहिजे.

हे कार्ड जर्मनीत जास्तीत जास्त एक वर्ष राहून नोकरी शोधण्याची मुभा देते. त्या काळात आठवड्याला २० तास अर्धवेळ काम करता येते, एखाद्या मालकाकडे दोन आठवडे चाचणीदाखल राबता येते. मुदतीत योग्य ती नोकरी मिळाली नाही, तर परतावे लागते. शिवाय स्वतःच्या खर्चाची सोय आधीच दाखवावी लागते. २०२५च्या दराने ती महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाची १३,०९२ युरो होते. बहुतेक जण ही बारा-तेरा लाखांची रक्कम ‘ब्लॉक्ड’ खात्यात ठेवतात. जर्मनीत दर महिन्याला ती हप्त्याने हाती येते आणि भाड्यात, किराण्यात संपते. पैसा कर्जाऊ असेल, तर इकडे व्याज चढत राहते. नोकरी न मिळता परतलेल्या मुलाचे कर्ज मग बापाच्या माथी बसते.

दुसरी अट तर पुष्कळांना फॉर्म भरेपर्यंत ठाऊकच नसते. पदवी नसेल, तर किमान दोन वर्षांचे शासनमान्य व्यावसायिक प्रशिक्षण हवे. आपल्या आयटीआयमधला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा, पण वेल्डर एक वर्षाचा. म्हणजे हातात उत्तम कसब असूनही केवळ त्या प्रमाणपत्रावर वेल्डरला हा रस्ता बंद आहे. ही गोष्ट त्याला पैसे घेण्याआधी सांगणारा किती एजंटांत सापडेल?

आता तीस वर्षांच्या, पाच वर्षे सलग काम केलेल्या इलेक्ट्रिशियनचा हिशेब पाहा. या कार्डासाठी गुणपद्धतीत किमान सहा गुण लागतात. वयाचे दोन, अनुभवाचे तीन, झाले पाच. सहावा गुण जर्मनच्या ए-टू पातळीने मिळतो. बी-वनपर्यंत मजल मारली तर दोन, बी-टूला तीन. भाषेचा उपयोग गुणांपुरता नाही. वायरिंगच्या कामावर मुकादम काय सांगतो ते कळले नाही, तर कोणता मालक ठेवून घेईल? वर्षभराच्या शोधाचा निकाल बराचसा इथेच, वर्गात बसून लागतो. म्हणून कर्ज काढून विमान गाठण्याची घाई करू नये. पहिला खर्च भाषेवर व्हावा. परत यावे लागले तरी वाया न जाणारा तो एकमेव खर्च आहे.

सरकारची जबाबदारी याहून मोठी आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी बंधनकारक आहे आणि त्याच्या सेवाशुल्कावर ३० हजार रुपये अधिक जीएसटी ही मर्यादा आहे. ‘आम्ही फक्त सल्ला देतो’ असे म्हणत लाखो रुपये घेणाऱ्यांची तपासणी जिल्हा पातळीवर पोलिसांनी करावी. नोंदणी क्रमांकाविना जाहिरात दिसली की कारवाई व्हावी. प्रत्येक आयटीआयमध्ये संध्याकाळचा जर्मन वर्ग असावा, तो बी-वनपर्यंत न्यावा आणि गरजू मुलांची परीक्षा फी शासनाने भरावी. प्रवेशाच्या वेळीच कोणता ट्रेड परदेशात ग्राह्य धरला जाईल हे लेखी सांगावे. करारावर सही करून मुलांना उमेद दाखवली ती शासनाने, तेव्हा त्यांना तयार करण्याचा खर्चही शासनानेच उचलला पाहिजे. हे काम एजंटांवर सोपवून हात झटकणे महाराष्ट्राला परवडणारे नाही.