गेटवेवरचा पाटकरी

शनिवारी नगरला घरी गेलो (नाव अहिल्यानगर झालं तरी एसटीत चढताना तोंडातून नगरच निघतं) की काही ना काही दुरुस्ती माझी वाट बघत असते. 'हा कॉम्प्युटरमधला' ना, मग कुणाचा प्रिंटर, कुणाचा मोबाईल. या वेळी ओळखीतल्या एका मुलींच्या वसतिगृहाचं नेट होतं. "मुली दिवसभर सिरियली बघतात हो, जरा लगाम घाला," ही रेक्टर मॅडमची मागणी.

गेटवे उघडून बघितला, तर लगाम आधीच होता. पण भलत्यांनाच!

लाईन 100 एमबीपीएसची, मुली 160. प्रत्येकीला 512 केबीपीएसची पक्की मर्यादा. आणि वर 'व्हीआयपी' नावाचा गट: ऑफिस आणि पदाधिकाऱ्यांचे पाच कॉम्प्युटर. मर्यादा नाही, मान पहिला. म्हणजे पहाटे तीनला दहाजणी अभ्यासाला जाग्या असल्या तरी सगळ्यांना मिळून 5 एमबीपीएस, बाकीचे 95 वाया. आणि संध्याकाळी ऑफिसचा बॅकअप सुरू झाला की अपलोडची अख्खी लाईन त्याच्या घशात.

एका मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म शेवटच्या संध्याकाळी असाच अडकला. "दादा, बारा वाजेपर्यंत नुसतं चाक फिरत होतं. मग तारीखच गेली." वर्षाचे पैसे गेले. लॉगमध्ये मात्र एकही चूक नाही, सगळं पॉलिसीप्रमाणे!

माझा राग त्या 'पॉलिसी' शब्दावर आहे. आपण तो असा वापरतो, जणू काही तो मशीनबरोबर डब्यातून आला. अरे, कुणीतरी माणसाने बसून ठरवलंय ना, कोणाचा फॉर्म थांबला तरी चालेल ते?

नगर जिल्ह्यात हे खरं तर कुणाला शिकवायला नको. मुळा उजव्या कालव्याला आवर्तन सुटलं की शेवगावकडच्या टेलच्या शेतकऱ्याचा जीव टांगणीला. वरच्यांनी चाऱ्या फोडल्या की खाली चिखलसुद्धा पोचत नाही. आणि याच जिल्ह्यात हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून दाखवला. पाऊस किती झाला ते बघायचं, आधी पिण्याचं पाणी, मग जनावरं, मग पिकं. हिशोब ग्रामसभेत, सगळ्यांसमोर. गेटवे म्हणजे दुसरं काय? पाटाचं दार. आणि दार उघडणारा पाटकरी म्हणजे आपण.

तर मी काय केलं? मर्यादेच्या जागी हमी लावली. प्रत्येक मुलीला 512 केबीपीएस हक्काचे (160 जणींचे झाले साधारण 82 एमबीपीएस), ऑफिसला 10. उरलेलं ज्याला लागेल त्याने उसनं घ्यावं, मालक आला की सोडावं. एकूण आकडा 95 वर ठेवला, म्हणजे अपलोडची रांग पुढच्या मोडेममध्ये न लागता आपल्या ताब्यात लागते. त्या रांगेला एफक्यू-कोडेल, म्हणजे एकाचा अवजड बॅकअप दुसऱ्याच्या छोट्या फॉर्मला अडवत नाही. हे सगळं लिनक्समध्ये 2012 पासून फुकट आहे, त्यामुळे 'बजेट नाही' हे कारण बाद.

"आणि सिरियली?" बघू देत की. बहुतेक ट्रॅफिक एनक्रिप्टेड असतो, व्हिडिओ लेक्चरचा आहे की सिनेमाचा हे गेटवेला कळत नाही. आणि कळलं तरी, आपल्या वाट्यात तिने काय बघावं हे ठरवणारे आपण कोण?

आता जरा आपल्याबद्दल. 2015 साली नेट न्यूट्रॅलिटीसाठी ट्रायला दहा लाखांवर ईमेल गेले. माझाही होता, तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा असेल. टेलिकॉम कंपन्यांनी भेदभाव करू नये म्हणून आपण पेटून उठलो होतो. आणि सोमवारी ऑफिसात जाऊन 'मॅनेजमेंट – अनलिमिटेड' असा ग्रूप कोण बनवतं? आपणच! वर पुन्हा 'साहेबांनी सांगितलं' म्हणून हात झटकायचे.

निघताना मॅडम म्हणाल्या, "वरून फोन आला तर?" म्हटलं, माझा नंबर द्या. आणि नवे नियम साध्या मराठीत लिहून मेसबाहेरच्या बोर्डावर लावा. जो नियम बोर्डावर लावायची लाज वाटते, तो गेटवेमध्येही नको.

असो. त्या मुलीची शिष्यवृत्ती काही परत येणार नाही. उद्या सोमवार आहे. आपापल्या ऑफिसचा गेटवे एकदा उघडून बघा.