ग्रिफिथ दाखवा, पण एकटा नको

चित्रपटाचा इतिहास शिकवायचा तर डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५) टाळता येत नाही. आपल्याकडेही समांतर संकलनाचा, म्हणजे दोन घटना आलटून पालटून दाखवण्याचा, विषय निघाला की त्याचे नाव येतेच. अमेरिकन यादवी युद्धाची त्यातली दृश्ये आजही डोळ्यांत भरतात. उत्तरार्धात मात्र तोंडाला काळे फासलेले गोरे नट कृष्णवर्णीयांना लंपट आणि हिंस्र म्हणून रंगवतात. मग कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे पांढऱ्या झग्यातले घोडेस्वार तारणहार बनून दौडत येतात. त्याच वर्षी जॉर्जियात क्लॅन पुन्हा उभी राहिली आणि पुढे तिने सदस्यभरतीसाठी हाच चित्रपट वापरला.

असा चित्रपट कॉलेजात का लावायचा, असे एखाद्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने विचारले, तर ‘कलाकृती म्हणून बघ’ हे उत्तर पुरणार नाही. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकलेल्या दिग्दर्शक स्पाइक लीची तक्रार हीच होती: तंत्र शिकवले गेले, परिणामांबद्दल कुणी बोलले नाही. त्याने १९८० मध्ये ‘द आन्सर’ हा विद्यार्थी-चित्रपट करून उत्तर दिले.

मग बंदी घालावी? १९१५ मध्ये बॉस्टनमध्ये कृष्णवर्णीय पत्रकार विल्यम मनरो ट्रॉटर त्यासाठी रस्त्यावर उतरले होते आणि त्यांचा संताप रास्तच होता. पण पाचच वर्षांनी शिकागोत ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा ‘विदिन अवर गेट्स’ सेन्सॉरपुढे अडला. तिथली १९१९ ची वांशिक दंगल ताजी होती आणि झुंडबळीची दृश्ये पाहून पुन्हा भडका उडेल अशी भीती घातली गेली. बंदीचे हत्यार अन्याय दाखवणाऱ्यावरही चालते, हे विसरून चालणार नाही.

माझा कल दाखवण्याकडे आहे, पण सोबत मिशो हवाच. त्याची नायिका सिल्व्हिया कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेसाठी पैसे जमवत फिरते. तिच्या पूर्वायुष्यात एकीकडे झुंड तिच्या पालकांचा जीव घेते आणि त्याच वेळी एक गोरा पुरुष तिच्यावर झडप घालतो. मिशो ही दोन दृश्ये आलटून पालटून दाखवतो. ग्रिफिथने ज्या युक्तीने क्लॅनला नायक केले, तीच युक्ती इथे खरा अत्याचारी कोण ते दाखवते. हे व्याख्यानाने कळत नाही, दोन्ही पडद्यावर बघावे लागते.

अडचण वेळेची आहे. ग्रिफिथचा चित्रपट तीन तासांचा, मिशोचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. दोन्ही एकाच खेळात बसवायचे तर काटछाट आलीच. तुकड्यांवरून मत बनवू नये, हा आक्षेप मान्य. अभ्यासकाने ग्रिफिथ पूर्ण बघावाच. पण सर्वांसाठीच्या खेळात कात्री लावायचीच असेल, तर ती ग्रिफिथला लावा, मिशो अखंड दाखवा. हजेरीची सक्ती नको. आणि चर्चा दुसऱ्या दिवसावर न ढकलता त्याच संध्याकाळी, मुले सभागृहात असतानाच घ्या.