एकटीच्या घराचा हिशेब



गेल्या वर्षी आमच्या सल्ला केंद्रात एक मैत्रीण आली. पस्तिशीची, बारावी शिकलेली, एका दुकानात हिशेब लिहिण्याचं काम करणारी. लग्नाच्या नवव्या वर्षी मारहाणीला कंटाळून घर सोडलं होतं आणि भावाकडे राहत होती. पोटगीचा अर्ज करायचा होता. अर्जासोबतच्या शपथपत्रात दरमहा खर्चाचा अंदाज लिहावा लागतो. "किती लिहू?" मी विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "लिहा ना ताई चार हजार. एकटीला असं कितीसं लागतं?"

आणि मी चार हजार लिहिले.

दोन महिन्यांनी भावाच्या घरी कुरबुरी सुरू झाल्या, तेव्हा तिने शहराच्या कडेला एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेतलं. हिशेबाची सवय असल्यामुळे पहिल्या दिवसापासून वही ठेवली. सहा महिन्यांनी ती वही घेऊन आली. भाडं 6500 रुपये. वीज महिन्याला साधारण 70 युनिट, मालकाच्या पोटमीटरवर 12 रुपये दराने 840. सिलिंडर 850 रुपयांचा, अडीच महिने पुरतो, म्हणजे महिन्याला 340. पाणी आणि जिन्याच्या झाडलोटीचे 400. मोबाइलचा रिचार्ज 300. बेरीज 8380 रुपये, आणि यात खाण्यापिण्याचा, औषधाचा, बसभाड्याचा एक रुपयाही नाही.

आम्ही सुधारित शपथपत्र दिलं. परिस्थिती बदलली तर ते देता येतं. पण पुढच्या तारखेला समोरच्या वकिलांनी नेमकं तेच विचारलं, जे विचारणार हे आम्हाला ठाऊक होतं: "आधी शपथेवर चार हजार सांगितले, आता एवढे कसे झाले?" प्रकरण अजून चालू आहे. चूक तिची नव्हती. दिवसभर दुसऱ्याच्या दुकानाचा पैन्‌पैचा हिशेब लिहिणारी बाई स्वतःच्या जगण्याचा आकडा अंदाजाने, तोही जमेल तितका कमी सांगते, तेव्हा तिला थांबवणं हे माझं काम होतं. समाजकार्याची पदवी घेताना आम्ही कायदे शिकलो, समुपदेशनाची तंत्रं शिकलो. एका खोलीचं लाईट बिल किती येतं, हे कुणी शिकवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

हे तिच्या एकटीचं नाही. आपल्यापैकी कितीजणी कोथिंबिरीची जुडी, तेलाची पिशवी, मुलांच्या वह्या यांचे भाव झोपेतही सांगतील! पण घराचं वीजबिल बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर येतं, तोच ते भरतो. गॅसचं पुस्तक त्याच्या नावावर, भाडेकरार त्याच्या सहीचा. स्वयंपाकघर बाईचं आणि मीटर पुरुषाचा, अशी ही वाटणी आहे. घर सोडायची वेळ येते तेव्हा तिच्या मनात पहिला प्रश्न येतो, "मला एकटीला परवडेल का?" उत्तर काढायला लागणारी माहितीच तिच्या हाती कधी आलेली नसते. मग परवडणारच नाही असं धरून ती परत जाते, किंवा सहज भागेल असं धरून बाहेर पडते आणि तिसऱ्या महिन्यात कर्ज काढते. दोन्ही वेळा नडतो तो न केलेला हिशेब.

1988 साली संगमनेरला परित्यक्ता परिषद भरली, तेव्हापासून टाकलेल्या आणि सोडून आलेल्या बायकांच्या पोटगीचा, निवाऱ्याचा प्रश्न महाराष्ट्रात उघडपणे मांडला जातो आहे. कायदे बदलले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मधली पोटगीची 500 रुपयांची मर्यादा 2001 साली गेली. पण "एकट्या बाईला असा काय खर्च?" हा प्रश्न कोर्टात, नातेवाइकांत आणि आपल्या स्वतःच्या मनात अजून तसाच आहे.

तेव्हा या प्रश्नाचंच उत्तर आधी देऊ. चार माणसांच्या घराचा खर्च भागिले चार म्हणजे एकटीचा खर्च, हे गणित चूक आहे. चौघं एका पंख्याखाली झोपतात, एकटीलाही एक पंखा लागतो. फ्रिज चौघांसाठी चालतो तसाच एकीसाठी चालतो. वीजबिलातला स्थिर आकार एकही युनिट न जाळता भरावा लागतो. सोसायटीचा मेंटेनन्स, भाडं, रिचार्ज यांतलं काहीच माणसं मोजून कमी होत नाही. एकटी राहण्याने खरी बचत होते ती शिधा आणि गॅस यांत, तीही थोडी.

विजेचा अंदाज घरबसल्या काढता येतो. उपकरणावर लिहिलेले वॅट गुणिले रोजचे तास, भागिले एक हजार, म्हणजे रोजचे युनिट. साधा 75 वॅटचा पंखा रोज 10 तास फिरला तर महिन्याला 22 युनिट. 9 वॅटचे दोन एलईडी दिवे रोज 5 तास लावले तर जेमतेम 3. लहान फ्रिज 20 ते 25. 2000 वॅटचा गिझर रोज पाव तास लावला तर 15. इस्त्री, मिक्सर, मोबाइलचं चार्जिंग मिळून 5-6 धरा. सगळे मिळून 65 ते 70 युनिट होतात. वहीतला आकडा तोच आहे. गॅस नाही म्हणून 2000 वॅटच्या इंडक्शन शेगडीवर रोज तासभर स्वयंपाक केला, तर एकदम 60 युनिट वाढतात. उन्हाळ्यात कूलर आला तर आणखी 40. म्हणून अंदाज नेहमी मे महिन्याचा धरावा, डिसेंबरचा नव्हे.

युनिट वाढले की दरही वाढतो, हे लक्षात ठेवायला हवं. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात. पहिला टप्पा 100 युनिटपर्यंतचा आणि सर्वांत स्वस्त, दुसरा 101 ते 300 चा. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि सरकारचं वीज शुल्क बसतं. दर आयोग ठरवतो आणि ते बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीचा आकडा यंदा चालत नाही. एकट्या बाईचा वापर बहुतेक वेळा पहिल्याच टप्प्यात राहतो. स्वतंत्र मीटर असेल तर त्याचा फायदा तिला मिळतो. पण एका मीटरवर चार खोल्या असल्या की सगळ्यांचे युनिट एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातात, आणि मालक पोटमीटरवर स्वतःच ठरवलेला दर लावतो. आमच्या मैत्रिणीच्या शेजारी स्वतंत्र मीटर असलेल्या खोलीचं तेवढ्याच युनिटचं बिल दोनशे रुपयांनी कमी येत होतं. वर्षाचे 2400 रुपये झाले की!

गॅसचंही असंच. 14.2 किलोचा सिलिंडर एकटीला दोन-अडीच महिने जातो. पण कनेक्शन नवऱ्याच्या नावावर राहिलेलं असतं आणि नवीन घ्यायला पत्त्याचा पुरावा मागतात. भाडेकरार नोंदलेला नसेल तर तो कुठून आणायचा? 5 किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्ता विचारत नाहीत. मात्र किलोमागे तो महाग पडतो. गरज जास्त असलेलीलाच भाव जास्त, ही नेहमीची रीत इथेही आहे. पाण्याचं तर आधीच विचारून घ्यावं. नळाला पाणी किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, त्याची वर्गणी कोण देतं? सोसायटी असेल तर मेंटेनन्स कोणाकडे? घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी मालकाकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असता येत नाही, असा शासनाचा आदेश 2001 पासून आहे. ते शुल्क मालकाचं आहे. भाड्यात हळूच मिसळलं जात असेल तर निदान आपल्याला कळू तरी द्या.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, इतके प्रश्न विचारले तर घर देईल कोण? बरोबर आहे. आणि खरी गोम इथेच आहे. "एकट्या बाईला आम्ही देत नाही" हे दहा दारांत ऐकल्यावर अकराव्या दारात कुणी हो म्हणालं की बाई उपकाराच्या ओझ्याखालीच आत जाते. मीटर कुठे आहे हे विचारत नाही, मागची बाकी विचारत नाही, पावती मागत नाही. मालक सांगेल तो दर ती मुकाट्याने देते, कारण तिला दुसरं घर मिळणार नाही हे दोघांनाही माहीत असतं. एकटेपणाचा हा दंड कुठल्याच बिलावर छापलेला नसतो, पण दर महिन्याला भरावा लागतो.

म्हणून कायद्याने जे दिलं आहे ते निदान माहीत असावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स का असेना. आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. त्याच कायद्याच्या कलम 29 ने मालकाला भाडेकरूचं वीज-पाणी तोडायला मनाई केली आहे. पण आपल्यापैकी बहुतेकींचे करार लिव्ह अँड लायसन्सचे असतात. तेव्हा त्या कलमावर विसंबून न राहता, विजेचा दर काय, पाणी आणि मेंटेनन्स कुणाकडे, हे करारातच लिहून घ्यावं. विद्युत कायदा, 2003 च्या कलम 43 मध्ये वीजजोडणी मागण्याचा हक्क जागेच्या मालकाबरोबर तिथे राहणाऱ्यालाही आहे. वीज ही मूलभूत सोय आहे, मालकाने संमतिपत्र दिलं नाही एवढ्या कारणावरून ती भाडेकरूला नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं आहे. हे हक्क वापरले की मालक रागावतो आणि अकरा महिन्यांनी करार वाढवत नाही, हेही आपण पाहतो. म्हणून ही लढाई एकटीवर टाकून चालणार नाही, तिच्याबरोबर संघटना हवी.

कोर्टाच्या बाजूने तर हिशेबाला आता फारच महत्त्व आलं आहे. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी निकाल दिला. तेव्हापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि त्यात भाडं, घरखर्च, औषधपाणी, प्रवास यांचा दरमहा अंदाज मागितलेला आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली पर्यायी घर किंवा त्याचं भाडं मागता येतं, आणि मिळणारी आर्थिक मदत तिच्या राहणीमानाला साजेशी असली पाहिजे, असंही कायदा म्हणतो. मागायची सोय आहे. किती मागायचं, हे मात्र आपल्याच कागदावरून ठरतं.

संघटनांनी यासाठी काय करावं? आम्ही आमच्या केंद्रात ठरवलं आहे ते सांगते. एक, आलेल्या मैत्रिणीला "किती लागतात?" असं विचारायचं नाही. तिच्याबरोबर बसून बाबवार यादी करायची, बारा महिन्यांची, आणि बाराने भागायची. अनामत रक्कम, एजंटचे पैसे, नोंदणीचा खर्च, शेगडी-बादली-गादी हा पहिल्या महिन्याचा खर्च वेगळा मांडायचा. दोन, भावाकडे किंवा आईकडे राहत असली तरी तिथला तिचा वाटा आणि वेगळं राहिली तर येणारा खर्च, दोन्ही लिहायचे. माहेरचा आसरा म्हणजे खर्च नाही असा अर्थ होत नाही. तीन, घर घेताना कार्यकर्तीने बरोबर जायचं. मालकाकडून वीजबिल मागून घ्यायचं, कारण त्यावर मागच्या महिन्यांचा वापर आणि थकबाकी दोन्ही छापलेली असते. राहायला जाण्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढायचा. अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलं तर ती ठेव मालकाच्या नावावर राहते, म्हणून ती मालकानेच भरायची हे आधी बोलून ठेवायचं. चार, भाडं आणि विजेचे पैसे शक्यतो बँकेतून द्यायचे, रोख दिले तर पावती घ्यायची आणि सगळे कागद एका पिशवीत ठेवायचे. कोर्टात ती पिशवी बोलते.

आणि ज्या आज घरात आहेत, ज्यांना कुठेही जायचं नाही, त्यांनीही या महिन्यात आपल्या घराचं वीजबिल एकदा हातात घेऊन वाचावं. भांडणाची वेळ आल्यावर ते शोधायचं, असं नको.

आमची ती मैत्रीण मागच्या आठवड्यात आली होती. पोटमीटरचा दर दहा रुपये करायला तिने मालकाला राजी केलं. शेजारच्या खोलीचं बिल आणि आपली वही समोर ठेवून बोलली, म्हणाली. वहीच्या नव्या पानावर तिने एक ओळ वाढवली आहे: "माझ्यासाठी – 200." कशासाठी ते मी विचारलं नाही. आपल्या शपथपत्रांतही तेवढी जागा असू द्यावी.

तुमच्या गावात एका खोलीचा, एकटीचा महिन्याचा खर्च किती येतो? बाबवार लिहून पाठवा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, वसतिगृहात राहणाऱ्या, वस्तीत आकडा टाकून वीज घ्यावी लागते अशा, सगळ्याजणींचे हिशेब हवे आहेत. पुढच्या अंकात ते एकत्र मांडू. मग "एकट्या बाईला असा काय खर्च?" असं कुणी विचारलं, तर अंक उघडून दाखवता येईल.