भैरवगढचं गरम मेण



उज्जैनच्या मराठी घरात भैरवगढ प्रिंटची एक तरी चादर असतेच. पाहुणे आले की काळभैरव, सिद्धवट आणि मग छिपा मंडळींचा कारखाना, हा आमचा ठरलेला फेरा. तिथलं बाटिक म्हणजे वितळलेल्या मेणाच्या रेघा, मग रंग, शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढायचं. दिवसभर हात विस्तवाजवळ. मागच्या फेरीत एका काकांच्या मनगटावर मोठा व्रण दिसला. विचारलं तर हिंदीत म्हणाले, "मेण उडालं होतं. जळण्याचं काही नाही हो, नंतर पिकलं, त्यानं दोन महिने बसवलं."

मी बीई, डॉक्टर नव्हे. पण घरी डॉक्टर वहिनी आहेत, त्यांना छळून हे समजून घेतलं.

त्वचा ही शरीराची फायरवॉल. ती जळली की जंतूंना दार उघडं. शिवाय खोल भाजलेल्या मेलेल्या त्वचेत रक्त पोचत नाही, म्हणून पोटात घेतलेलं औषधही तिथं नीट पोचत नाही. त्यामुळे जखम रोज स्वच्छ करणं, चांदीयुक्त मलम, आणि खोल असेल तर मेलेली त्वचा लवकर काढून नवी लावणं, हाच खरा उपचार. "भाजलंय, अँटिबायोटिक सुरू करू" असं स्वतःच ठरवू नका.

आग विझायला मिनिटं लागतात, पुढची लढाई आठवड्यांची असते. २५ मार्च २०२४ ला महाकाल मंदिरात भस्मारतीच्या वेळी भडका उडाला, १४ जण भाजले. त्यांतल्या एका वृद्ध सेवकांचा काही दिवसांनी मुंबईत उपचार चालू असताना मृत्यू झाला.

घरात भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप तर मुळीच नको (आमच्या आजीची माफी मागून!). अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढा. मेण चिकटलं असेल तर ओढू नका, त्याबरोबर कातडी निघते. स्वच्छ धुतलेलं कापड सैल गुंडाळा आणि दवाखान्यात जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. नंतर ताप, वाढता लालपणा, दुर्गंधी, हिरवट पू दिसला तर उद्यावर ढकलू नका.

एक गोष्ट मला फार आवडली. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांची पट्टी वापरून पाहिली. पान गुळगुळीत, जखमेला चिकटत नाही, म्हणून पट्टी बदलताना रुग्ण किंचाळत नाही. खर्चही नगण्य. पण घरी परसातलं पान तोडून लावायचं नाही हं, निर्जंतुक करणं हीच त्यातली मेख!

त्याच रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. आपल्या इंदूरमध्येही त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत मांडी, पाठीवरची पातळ त्वचा घेतात. चेहऱ्याला हात लावत नाहीत. नेत्रदानाचा फॉर्म आई-बाबांनी भरलाच आहे. त्वचादानाचं मात्र आमच्या घरी अजून बोलणं चाललंय, आत्याचं मन तयार नाही. तुमच्याकडे काय म्हणतात, कळवा.