बंड कशासाठी?

१९६३ साली नाशिक लोकसभा मतदारसंघाने यशवंतराव चव्हाणांना बिनविरोध निवडून दिले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य तेव्हापासून आपल्याला पाठ आहे. तोफखान्याच्या या परिसराला संरक्षणमंत्र्याविषयी अभिमान वाटावा यात नवल नाही. परंतु चव्हाण ज्या खुर्चीवर बसले ती कोणी व कशासाठी रिकामी केली, हे आपण विचारले नाही. बिनविरोध निवडणुकीत असे प्रश्न विचारायला व्यासपीठच उरत नाही.

ती रिकामी केली काँग्रेसच्याच खासदारांनी. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी फौजा चालून आल्या. महिनाअखेरीस नेहरूंनी संरक्षण खाते स्वतःकडे घेतले आणि कृष्ण मेनन यांच्याकडे संरक्षण उत्पादन ठेवून त्यांना वाचविण्याचा प्रयत्न केला. पक्षाने तो हाणून पाडला. ७ नोव्हेंबरला मेनन मंत्रिमंडळाबाहेर गेले. २१ नोव्हेंबरला चव्हाणांनी सूत्रे हाती घेतली.

याला पक्षांतर्गत लोकशाहीचा विजय म्हणणारे अनेक आहेत. मला ते पटत नाही. १९६१ च्या अखेरीपासून, मागे रस्ता नाही, अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत, अशा अवस्थेत जवानांना पुढच्या ठाण्यांवर नेऊन बसविले जात होते. त्या वेळी बंड झाले नाही. उलट पक्षातील तिखट जिभा सरकारला मवाळ ठरवीत होत्या. महावीर त्यागींनी अक्साई चीनवरून आपले टक्कल दाखवून केलेला विनोद अजून सांगितला जातो. १२ ऑक्टोबर १९६२ रोजी, सिलोनला निघताना, चिन्यांना हुसकावून लावण्याचा आदेश दिल्याचे नेहरूंनी सांगितले, तेव्हाही कोणी आडवे आले नाही. बंड झाले ते पराभवानंतर, आणि तेही माणूस बदलण्यासाठी. १४ नोव्हेंबरला लोकसभेने आक्रमकाला हाकलण्याची प्रतिज्ञा केली. आठवडाभरात से ला आणि बोमडी ला पडले. १,३०० हून अधिक जवान त्या युद्धात कामी आले.

आणखी एक गोष्ट. चिनी वंशाचे सुमारे ३,००० लोक, ज्यांतले कित्येक याच भूमीत जन्मलेले, राजस्थानातील देवली येथील छावणीत डांबले गेले. गावाचे नाव आपल्या देवळालीच्या किती जवळचे! त्या मुलाबाळांसाठी सत्ताधारी बाकांवर बंड उभे राहिले नाही.

आता दुसरे उदाहरण पाहा. अमेरिकेत लिंडन जॉन्सन व्हिएतनामचे युद्ध वाढवीत असताना त्यांच्याच पक्षातील सिनेटर युजीन मॅकार्थी ३० नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. हे गृहस्थ कॅथॉलिक. तरुणपणी काही काळ बेनेडिक्टाइन मठात उमेदवारी केलेले. मार्च १९६८ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांना ४२ टक्के मते पडली आणि महिनाअखेरीस जॉन्सन यांनी पुन्हा उभे न राहण्याचे जाहीर केले. युद्ध लगेच थांबले नाही, हे खरे. पण तेथे माणसे युद्धाला आवर घालण्यासाठी आपल्या नेत्याशी भांडली.

कोणी म्हणेल, अमेरिका परक्या मुलखात लढत होती, आपल्यावर तर आक्रमण झाले होते. मान्य. आत्मसंरक्षणाचा हक्क ख्रिस्तसभाही नाकारीत नाही. परंतु यशाची वाजवी आशा आहे का आणि निरपराध कोण भरडला जाईल, हे प्रश्न ती त्याच दमात विचारते. नेहरूंच्या त्या विधानाच्या आदल्याच दिवशी दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली होती. पुढच्या एप्रिलात पोप जॉन तेविसावे यांचे ‘पाचेम इन तेर्रिस’ आले. सैनिकांसाठी आपण प्रार्थना करतो, ते योग्यच. त्यांना पाठविणाऱ्यांना जाब विचारणे आपण राजकारण्यांवर सोपवून मोकळे होतो. आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर त्या राजकारण्याला पक्षादेश मोडून मत देणे म्हणजे आमदारकी-खासदारकी गमावणे. बंद दाराआडच्या पक्षबैठकीत बोलायला मात्र कोणताही कायदा आड येत नाही.

पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ सालीच तयार झाला. संरक्षणमंत्री चव्हाणांनी त्या सप्टेंबरात लोकसभेत त्याचे सार सांगितले. मूळ अहवाल सरकारने आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही, आणि त्यासाठी कोणत्याही सत्ताधारी पक्षात बंड झालेले नाही.