आधी मोठा की आधी छोटा?

'पंचवीस' म्हणताना आपण आधी पाच उच्चारतो, मग वीस. लिहिताना मात्र २ आधी. ह्या उलटापालटीचा कुणाला त्रास होत नाही, कारण नियम सगळ्यांना ठाऊक आहे. बायनरी फाइलचं दुखणं हेच, की तिथे नियम बऱ्याचदा कुणी लिहूनच ठेवलेला नसतो!

५०० हा आकडा दोन बाइटांत ठेवला तर ते बाइट १ आणि २४४ असे होतात (१ × २५६ + २४४). १ आधी ठेवला तर बिग-एन्डियन, २४४ आधी ठेवला तर लिटल-एन्डियन. उलटं वाचलंत की ५०० चे झाले ६२,४६५. प्रोग्राम कोसळत नाही, एरर येत नाही, चुकीचा आकडा निमूट पुढे सरकतो. खरी भीती हीच.

ही नावं डॅनी कोहेनने १९८० साली 'गलिव्हर'मधल्या अंड्यांच्या भांडणावरून उचलली. त्याचं म्हणणं साधं होतं: कोणता क्रम, ह्यापेक्षा एकमत महत्त्वाचं.

टिफने हे एकमत टाळलं. दोन्ही क्रम चालतील, फाइलच्या सुरुवातीला 'आयआय' किंवा 'एमएम' लिहा, झालं! म्हणजे लिहिणाऱ्याची सोय आणि वाचणाऱ्याच्या डोक्याला ताप. प्रत्येक वाचकाने दोन वाटा सांभाळायच्या, आणि कमी वापरातली वाट कोण नीट तपासतो हो? पीएनजीने मात्र एकच क्रम ठरवला, बिग-एन्डियन. विषय संपला.

आता तुम्ही म्हणाल, मग नव्या फॉरमॅटला कोणता घ्यायचा? माझं मत लिटल-एन्डियन. इंटेल, एएमडीचे पीसी तसेच चालतात, आपले फोनही तसेच, आणि २००६ साली इंटेलकडे वळल्यावर मॅकही त्याच रांगेत आले. पण वेगासाठी म्हणाल तर तो मुद्दा गौण आहे. बाइट उलटवायला आजच्या प्रोसेसरला जेमतेम एक सूचना पुरते.

मेमरीतलं स्ट्रक्चर जसंच्या तसं फाइलमध्ये ओतणं मात्र सोडा. तो फॉरमॅट नव्हे, तुमच्या मशीनची सवय आहे. मशीन पाच वर्षांत भंगारात जातं, डेटा मागे उरतो.

म्हणून क्रम एकच ठेवा, स्पेसिफिकेशनच्या पहिल्या पानावर लिहा, आणि टेस्टमध्ये ० किंवा २५७ वापरू नका. ते उलटे केले तरी तेच राहतात, चूक पकडणार कशी? ५०० घ्या.