ऊन घरातही लागते

होळी झाली की आमच्या विदर्भात कूलर बाहेर निघतात. टाकी धुतली जाते, वाळ्याच्या ताट्या बदलतात आणि कूलर लागतो तो बैठकीत, नाहीतर मुलाच्या खोलीत. घरातली म्हातारी माणसे मात्र मागच्या टिनाच्या खोलीतच राहतात. दरवर्षी मे महिन्यात माझ्या दवाखान्यात उन्हाने आजारी पडलेली जी वृद्ध मंडळी आणली जातात, त्यांच्यापैकी कित्येकांनी उंबरठाही ओलांडलेला नसतो. "डॉक्टर, आजी तर घरातच होती हो!" असे नातेवाईक नवलाने सांगतात. मला त्यात नवल वाटत नाही.

आपले शरीर घाम वाळवून थंड होते. उतारवयात घाम कमी येतो आणि तहानही लवकर जाणवत नाही. त्यात लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील तर अंगातले पाणी आणखी घटते. अशा माणसाला तापलेल्या टिनाखाली दुपारभर निजवणे म्हणजे आजाराला आमंत्रणच होय. (गोळ्या मात्र मनानेच बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे.)

माझे स्पष्ट मत असे, की हातात थोडा पैसा असेल तर तो आधी छतावर खर्च करावा, यंत्रावर नंतर. स्लॅबला चुन्याचे दोन हात दिले तरी खोलीतील उष्मा दोन-तीन अंशांनी उतरतो. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्णतेने मोठी प्राणहानी झाली. त्यानंतर तेथील महापालिकेने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला आणि पुढे गोरगरिबांच्या छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही हाती घेतले. टिनाच्या छताखाली बांबूचे तट्टे बांधावेत. छत आणि तट्टा यांत वीतभर पोकळी ठेवावी. खिडकीला पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून तट्टी किंवा ओले पोते टांगावे, म्हणजे ऊन आत येण्याआधीच अडते. सकाळी नऊनंतर खिडक्या बंद ठेवाव्यात आणि रात्री बाहेरची हवा निवली की सताड उघडाव्यात.

पंख्याविषयी एक गैरसमज आहे. पारा चाळीसच्या वर गेला की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. अशा वेळी अंग ओल्या कपड्याने पुसून मग पंखा लावावा. कूलर चालू असताना समोरची एक खिडकी किलकिली ठेवावी. बंद खोलीत ओल साचते आणि घाम वाळत नाही. पाणी भरताना बटण बंद करून प्लगही काढावा. कूलरचा शॉक लागून दरवर्षी जीव जातात. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

खिशात कांदा ठेवण्याने ऊन टळत नाही. माठातले पाणी, ताक, मीठ घातलेले पन्हे हेच खरे औषध. जुलाब-उलट्या असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडेथोडे पाजावे. चमचा चहाचा घ्यावा.

मात्र माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखे तापले किंवा झटके आले, तर तो उष्माघात समजावा. तापाची गोळी देत बसू नये, बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

विजेच्या बिलाच्या धास्तीने म्हातारी माणसे स्वतःहून पंखाही लावत नाहीत आणि कुणाला काही सांगतही नाहीत. तेव्हा नवतपा लागण्यापूर्वी भरदुपारी एकदा घरातून फिरा. सर्वांत गरम खोली कोणती आणि तिथे खाट कुणाची, ते पाहा. ती खाट हलवायला एक पैसाही लागत नाही.